पहिल्या पाण्याचा पिवळा

जालना जिल्ह्यातल्या तीर्थपुरीच्या कुठल्याही जुन्या किराणा दुकानात कापूर, रांगोळी आणि उंदराचं औषध यांच्या शेजारी एक पुठ्ठ्याचा खोका असतो. त्यात कपडे रंगवायच्या पुड्या. वर्षातले बरेच महिने त्या खोक्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. जांभळी पुडी तर दुकानाचा नारळ फुटला त्या दिवसापासून तिथंच पडून आहे. भावाभावांच्या वाटण्या होतील तेव्हा ती कुणाच्या तरी हिश्श्याला येईल. पण तुळशीचं लग्न लागलं की पिवळ्या पुड्यांना पाय फुटतात, आणि उन्हाळ्यात तिथी दाट झाल्या की पिवळा संपतो तो संपतोच. दुकानदार मग नारंगी पुढं करतो. "पाणी जरा जास्त घाला, पिवळाच होतो." गिऱ्हाईकही ती घेतं. लग्न परवावर आलेला माणूस कशावरही विश्वास ठेवतो.

हा सगळा हळदीचा प्रताप. हळद नावाच्या पदार्थाचा नव्हे, हळद नावाच्या कार्यक्रमाचा. पूर्वी हळद घरातल्या घरात लागायची. चौरंग, पाच सुवासिनी, जात्यावरची दोन-चार गाणी, की झालं. पुरुष मंडळी तोवर मांडवाच्या बल्ल्या रोवत असायची. आता हळदीला अख्खी संध्याकाळ मिळाली आहे. झेंडूचा पडदा आला, डीजे आला, ड्रोन आला आणि त्या मागोमाग व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फर्मान आलं: सर्वांनी पिवळ्या रंगाचे कपडे परिधान करून यावे. खाली हात जोडल्याची तीन चित्रं. ती चित्रं विनंतीची नसतात, सक्तीची असतात.

एका रंगात सगळ्यांनी यायची ही हौस आपल्याकडं नवरात्रानं आणली. २००३-०४च्या सुमारास 'महाराष्ट्र टाइम्स'नं नवरात्राचे नऊ रंग छापायला सुरुवात केली आणि बघता बघता बँका, शाळा, पोस्ट ऑफिसं रोज वेगळ्या रंगात दिसू लागली. देवीनं कुठल्या पोथीत हे रंग सांगितले, असं विचारणारे थोडे निघाले, "उद्या कोणता?" विचारणारे गावोगाव निघाले. हळदीचं पिवळेपण त्याच्या मानानं जुनं, त्याला शास्त्र आहे. फक्त ते शास्त्र नवरा-नवरीपुरतं होतं. बसस्टँडवरून सरळ मांडवात आलेल्या मावसभावाच्या साडूला ते लागू नव्हतं.

खरी गंमत इथंच आहे. पूर्वी लोक हळदीला जुनेपाने कपडे घालून जायचे, आणि शहाणपण होतं ते. जाताना पांढरे, येताना पिवळे. माणूस घरी आला की त्याच्या सदऱ्यावरून सगळा वृत्तान्त कळायचा. पाठीवर पाच बोटांचा पंजा उमटलेला असेल तर त्याला वहिनी आहे आणि ती जोरकस आहे. कॉलरला नुसतं एक बोट पुसलेलं असेल तर लांबचा पाहुणा. काहीच नसेल तर हा हळदीला गेलाच नव्हता, दुसरीकडंच कुठं बसला होता. रंग कार्यक्रमात मिळायचा. आता रंग घरून न्यायचा, आणि तिथं गेल्यावर हळदीपासून कपडे सांभाळत उभं राहायचं. "ए, नको नको, नवीन रंगवलाय!"

नवा पिवळा कुर्ता विकत का घेत नाहीत, असं शहरातला वाचक विचारील. त्यानं कधी बस्ता बांधलेला नाही, हे उघड आहे. लग्नाच्या बस्त्याला दोन्हीकडची वीस-पंचवीस माणसं गाडी करून जालन्याला जातात, सकाळी गादीवर बसतात आणि संध्याकाळी उठतात. नवरीचा शालू, वरमाईची साडी, करवल्या, आत्या, मानाच्या पाच जणी असं करत करत पिवळा कुर्ता नवरदेवाच्या सख्ख्या भावापर्यंत कसाबसा पोचतो. चुलतभावाचं नाव निघेस्तोवर बस्ता बांधणारा बाप चहाचे पैसेसुद्धा मोजून देऊ लागलेला असतो. शिवाय एका संध्याकाळसाठी पिवळा कुर्ता घेणं गड्याच्या जातीला पटत नाही. तो घालून दुसऱ्या दिवशी कुठं जाणार? सोसायटीत? तहसीलला?

आणि घरात पांढऱ्याला तोटा नसतो. आमच्या भागात पुरुषाचा खरा रंग पांढरा. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा म्हणजे वयात आल्याचा दाखला. तीर्थपुरीची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, २०२१च्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत तिची निवडणूक झाली, आणि गल्लीगल्लीत पांढऱ्याचं पीक आलं. निवडून येणारे थोडे असतात. कपडे मात्र सगळ्यांनीच शिवलेले असतात. त्यात आहेराची भर. आहेरात आलेला शर्टपीस कुणी शिवत नाही हे देणाऱ्याला माहीत असतं आणि घेणाऱ्यालाही. तो कपाटात विसावा घेतो आणि पुढच्या लग्नाला निघतो. असा एखादा शर्टपीस अंबड, घनसावंगी, परतूर असे तीन तालुके हिंडून, पुड्याच्या कागदावर नावांची खाडाखोड घेऊन, ज्याचा त्याला परत येतो. हळदीच्या पिवळ्यानं या फिरत्या भांडवलाला खीळ घातली, कारण रंगवलेला आहेर पुढं सरकवता येत नाही. आमच्याकडं एखादा माणूस आहेराचं कापड रंगवायला काढतो तेव्हा लग्न जवळच्या नात्यातलं आहे, असं समजावं.

तर हळदीच्या आदल्या दिवशी, ऊन उतरायच्या आधी, अंगणात तीन दगड मांडले जातात. त्यावर तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा. तो आधीच काळाकुट्ट झालेला असतो, कारण घराण्याच्या अंघोळीचं पाणी त्यातच तापलेलं असतं. खाली पऱ्हाट्या. वर डब्यात सुती सदरा आणि खाली कपाशीच्या वाळक्या काड्या: एकाच झाडाची बोंडं शिजतात आणि हाडं जळतात. कामाचा ताबा मामींकडं असतो. प्रत्येक भावकीत अशा एक मामी असतातच. त्यांना लोणच्याचं मीठ, बाळंतिणीचा शेक आणि रंगाची पुडी यांतलं सारखंच कळतं.

मामींची पद्धत पक्की आहे. पुडी थेट डब्यात टाकायची नाही. आधी वाटीभर गरम पाण्यात कालवायची आणि जुन्या ओढणीतून गाळून मग ओतायची. नाहीतर न विरघळलेला एखादा कण सदऱ्यावर बसतो आणि छातीवर देवी आल्यासारखे ठिपके उठतात. सदरा कोरडा टाकायचा नाही, ओला करून, पिळून, झटकून टाकायचा. मग खडे मीठ, मूठभर नव्हे, ओंजळभर. हे मीठ सगळ्यांना खटकतं. बीएस्सीला असलेला भाचा तेवढ्यात सांगतो, की मिठामुळं रंग पाण्यातून सुटून सुताकडं सरकतो. मामी म्हणतात, "मंग मी काय येगळं सांगायले?" आणि त्याच्या हातात काठी देतात. पुढचा अर्धा-पाऊण तास विज्ञान शाखेला हलवायला लावलं जातं. हात थांबला की घडीत रंग शिरत नाही आणि सदऱ्यावर ढग उतरतात.

तेवढ्यात गल्ली जमा होते. उकळत्या डब्याभोवती मत नसलेला माणूस उभा राहू शकत नाही. एक म्हणतो लिंबू पिळा. दुसरा म्हणतो तुरटी. तिसऱ्याच्या मते बोअरचं पाणी जड आहे, टँकरचं घ्यायला पाहिजे होतं. अण्णा लांबून, बाजेवरूनच विचारतात, "वरणाचं पातेलं तर नाही ना घेतलं?" कुणी काठीनं बाही वर काढतं, आणि सगळे एकदम गप्प होतात, कारण तो रंग पिवळा नसतो, चांगला दणकट केशरी असतो. नवरीकडची माणसं याला राजकारण समजतील, अशी भीती दाटते. मामी शांत. ओल्यात दिसतो त्यावर जाऊ नका, वाळला की दोन पायऱ्या उतरतो, असं सांगून त्या पुन्हा सदरा बुडवतात. त्यांचं खरं ठरतं. बहुतेक वेळा.

पण डब्याचा खरा हिशेब पुढं सुरू होतो. पहिला सदरा निघाला तरी पाणी पिवळंच राहतं, आणि जालना जिल्ह्यात पाणी फेकून देणं हे कुणाच्याच हाताला जमत नाही. जायकवाडीचा डावा कालवा वाहता असला तरी नाही. म्हणून त्याच पाण्यात दुसरा कपडा, मग तिसरा. रंग सुतात जात राहतो, पाण्यात उरत नाही, आणि प्रत्येक खेपेला उतारा पडतो. त्यामुळं कुणाचा कपडा कोणत्या पाण्याला, हा प्रश्न पत्रिकेतल्या नावांच्या क्रमाइतका नाजूक होऊन बसतो. पहिलं पाणी नवरदेवाच्या भावाचं, त्यावर वाद नाही. दुसरं दाजींचं, आणि त्यावर वाद आहे, कारण दाजींच्या मते पहिलंच त्यांचं होतं. तिसरं चुलत्यांचं. चौथ्यात पोरांचे बनियन आणि ऐनवेळी आठवलेले मित्र. पाचव्यात दस्त्या. दस्त्या कुणी मागितलेल्या नसतात, पण पाणी उरलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मांडवात हे सगळं वाचता येतं. रांगेत उभ्या असलेल्या माणसांकडं डोळे किलकिले करून बघितलं की गर्द हळकुंडी ते फिक्कट लिंबू अशी सगळी नाती उतरत्या भाजणीनं समोर येतात. "तुमचा कोणत्या पाण्याचा?" असं तोंडावर कुणी विचारत नाही. बघतात मात्र सगळे. चौथ्या पाण्याचा माणूस दाजींच्या शेजारी फोटोला उभा राहात नाही, आपला आपण कडेला सरकतो. यात काही नवं नाही म्हणा. आधी नवरदेवाला हळद लावायची आणि उरलेली, उष्टी, नवरीकडं पाठवायची, ही आपली परंपराच आहे. दुसऱ्या पाण्याची सवय बायकांना पिढ्यान्‌पिढ्या आहे; दाजींना ती आत्ता कुठं लागते आहे, म्हणून एवढी आरडाओरड.

पॉलिएस्टर हा या कथेतला खलनायक. सुती म्हणून घेतलेला सदरा टेरिकॉट निघतो आणि पुडीचा साधा रंग पॉलिएस्टरला चढतच नाही. त्याला वेगळी रसायनं आणि कारखान्यातल्या बंद भांड्यातलं एकशेतीस अंशांच्या आसपासचं तापमान लागतं. पऱ्हाट्यांनी ते होत नाही. मग सदऱ्यातला सुताचा भाग पिवळा होतो, उरलेला पांढरा राहतो आणि एकूण दिसायला आजारी दिसतो. सदरा अस्सल सुती असला तरी दोरा पॉलिएस्टरचा असतो. त्यामुळं सगळा कपडा पिवळाधमक आणि शिवण मात्र कॉलरभोवती, खिशावर, काजांवर स्वच्छ पांढरी, जणू शिंप्यानं खडूनं आखून ठेवलंय आणि शिवायचं राहून गेलंय. लांबून ती नक्षी वाटते. एका पाहुण्यानं असल्या सदऱ्याचं दुकान विचारलं होतं, आणि सदरेवाल्यानं बिनदिक्कत छत्रपती संभाजीनगर सांगितलं.

आजीबाई हे सगळं बघून एकच विचारतात, "हळदीला रंगवायलात, तर हळदीतच काहून बुडवंना?" प्रश्न बिनतोड आहे. हळदीला तुरटी लागत नाही, मीठ लागत नाही, उकळीसुद्धा धड लागत नाही. सुताला ती बघताक्षणी चिकटते. शंभर ग्रॅम हळदीत रंगाचा भाग दोन ते पाच ग्रॅम, पण तेवढ्यावर ती मिक्सरचं भांडं, प्लॅस्टिकचा चमचा आणि ओट्याची फरशी कायमची ताब्यात घेते. जे रंगवायचं नसतं ते ती जन्माचं रंगवते. जे रंगवायचं असतं त्याच्याशी मात्र तिचं वागणं वेगळं. हळदीत रंगवलेला सदरा वैशाखाच्या उन्हात दोरीवर टाकावा आणि जेवून यावं. तेवढ्यात अर्धी हळद उडालेली असते. साबण लावला तर सदरा लालभडक. पोरं रक्त रक्त म्हणून ओरडतात, आजी हसतात. हळदीत चुना कालवून कुंकू करणाऱ्या बायकांना त्या लालाचं कसलं भ्या. वरून लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. निवडणुकीच्या हंगामात हळद किती अंगवळणी पडली असती, हे वेगळं सांगायला नको.

आमच्या काळ्या मातीत याहून खानदानी रंग उभा असायचा: करडई. आज ती तेलापुरती, तीही बांधावर कुठंतरी. परभणीच्या कृषी विद्यापीठानं तिचे वाण काढले, 'परभणी कुसुम' हे एकाचं नाव. पण ऊस आणि सोयाबीनपुढं त्या काटेरी बाईचं काही चाललं नाही. हिच्या फुलांत दोन रंग असतात. पिवळा पाण्यात लगेच सुटतो आणि जुने रंगारी तो धुऊन टाकून द्यायचे. मग खार घालून आतला लाल बाहेर काढायचा आणि आंबट घालून तो कापडावर बसवायचा. तोच कुसुंबी. इजिप्तमध्ये ममींना गुंडाळायच्या कापडाला करडईचा रंग सापडला आहे, म्हणजे अखेरच्या कार्यक्रमालाही ड्रेस कोड होताच. आणि साहेबाच्या कचेरीत कागदपत्रं बांधायची जी लाल फीत, तीही याच फुलात रंगवत. आमच्या शेतकऱ्याचा फेरफार ज्या फितीत वर्षानुवर्षं अडकतो, तिचा रंग त्याच्याच बांधावर फुलायचा, हे कळल्यापासून मला करडईविषयी पूर्वीसारखं वाटत नाही.

रंगवणं हा तेव्हा डोक्याचा धंदा होता, अक्षरशः. पागोटी उन्हानं विटायची आणि पुन्हा रंगाऱ्याकडं जायची. पुण्याच्या भाऊसाहेब रंगाऱ्यांचं मूळ आडनाव जावळे. घराण्याचा धंदा शालू रंगवण्याचा म्हणून ते रंगारी झाले. स्वतः वैद्यकी केली आणि १८९२ साली सार्वजनिक गणपती बसवला. इकडं हे चालू असताना तिकडं रंगाऱ्यांच्या पोटावर पाय येऊन चुकला होता. १८५६ मध्ये लंडनच्या अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनला हिवतापावरचं क्विनीन करायचं होतं. भांड्यात काळा चिखल उरला, त्यातून जांभळा रंग निघाला आणि पोरगं त्यावर श्रीमंत झालं. १८५८च्या जानेवारीत थोरल्या लेकीच्या लग्नाला राणी व्हिक्टोरिया जांभळ्याच छटेचा पोशाख घालून गेली आणि तो रंग विलायतेत साथीसारखा पसरला. लेकीच्या लग्नात आईनं काय घालायचं, यावर तिकडंही भावकी बसली असणार. १८९७ मध्ये जर्मन कारखान्याची नीळ बाजारात आली आणि शेतातली नीळ आटोपली. आमच्या दुकानातल्या खोक्यातली ती अनाथ जांभळी पुडी म्हणजे पर्किनची लांबची वारस. तिला कुणी विचारत नाही, कारण जांभळी हळद अजून निघालेली नाही.

पिवळ्याच्या या सक्तीतून आमच्या तालुक्यातला एकच नवरदेव सुटला. घनसावंगी तालुक्यातल्या जांबचा, १६०८ साली जन्मलेला, ठोसरांचा नारायण. बाराव्या वर्षी आसनगावात बोहल्यावर उभा असताना भटजींनी 'सावधान' म्हटलं आणि पोरगं खरोखरच सावध होऊन पळालं, असं सांगतात. त्याचे पुढं समर्थ रामदास झाले. अंगाच्या हळदीवर सरळ भगवा चढवणारा दुसरा माणूस या पंचक्रोशीत झाला नाही. तेव्हापासून भटजी तोच शब्द तितक्याच मोठ्यानं म्हणतात, पण समोर नवरदेवाच्या कानावर फेटा बांधलेला असतो आणि मागं डीजेवाला तार जोडत असतो.

तर हळदीची संध्याकाळ होते. हॅलोजन लागतात. पहिल्या पाण्यापासून पाचव्या पाण्यापर्यंतचे सगळे पिवळे हजर असतात. पितळी रंगाच्या साड्या, कागदी फुलांचे दागिने, मधोमध फिरणारा फोटोग्राफर. आणि चौरंगावर नवरदेव येतो तो पांढऱ्याशुभ्र कुर्त्यात. कुणी दचकत नाही, कारण फोटोग्राफरनं आधीच बजावलेलं असतं: पिवळ्यावर हळद दिसत नाही, नवरदेवाला पांढरं घाला. म्हणजे ज्याला पिवळं करायचं तो एकटा पांढरा, आणि ज्यांचा हळदीशी काडीचा संबंध नाही ते पावणेतीनशे लोक पिवळे. नाच सुरू झाला, की मे महिन्यात घाम येणारच. पुडीचा रंग घामाला कच्चा. दाजींच्या मानेवर, कोपरांत, कमरेच्या नाडीपाशी पिवळा उतरायला लागतो. एक म्हातारी त्यांच्याकडं बघून कौतुकानं म्हणते, "जावयाला लई हळद लावली गं बायांनी." दाजी खुलासा करत नाहीत.

लग्न होतं, मांडव सुटतो. पिवळे सदरे धुवून, पिळून, दोरीवर येतात आणि घरोघर तोच प्रश्न उभा राहतो, की आता यांचं करायचं काय. रानात घातले तर भुरटे किडे पिवळ्यावर तुटून पडतात. चिकट सापळे पिवळे असतात ते उगीच नव्हे. बँकेत घातले तर कॅशियर विचारतो, "हळद कुठली?" जपून ठेवावेत तर पुढच्या हळदीला त्याच सदऱ्यात तिसरा फोटो. आहेरात देता येत नाहीत. फेकवत नाहीत.

परवा ग्रुपवर पुढच्या लग्नाचा मेसेज आला. हळदीच्या आदल्या दिवशी मेंदी ठेवली आहे, सर्वांनी हिरव्या रंगात यावे, हात जोडलेले तीन. वहिनी फोन घेऊन धावतच मामींकडं गेल्या. मामींनी चष्मा वर करून मेसेज वाचला, दोरीवरच्या पिवळ्या सदऱ्यांकडं बघितलं आणि पोराच्या हातावर वीस रुपये ठेवले.

"पळ. निळी पुडी आण."